निवासी नेमबाजी प्रशिक्षण केंद्र : नववीतल्या मुलीला पाठवावे का? (मदत हवी आहे)

नमस्कार.

माझी मुलगी नववीत शिकते आणि सातवीपासून आमच्या सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी, एका शाळेच्या सभागृहात उभारलेल्या लहानशा रेंजवर, १० मीटर एअर रायफलचा सराव करते. यंदा शालेय स्पर्धेत ती जिल्ह्यातून विभागीय पातळीवर पोचली आणि त्यानंतर पुण्यातील एका खासगी निवासी केंद्राने चाचणी घेऊन तिला जूनपासून प्रवेश देऊ केला. सकाळ-संध्याकाळ सराव आणि मधल्या वेळेत संलग्न शाळा, असे तिथले वेळापत्रक आहे. तिला जायचे आहे. आमचा मात्र निर्णय होत नाही, म्हणून या खेळातल्या जाणकारांचे मत हवे आहे.

गावच्या रेंजची मर्यादा आम्हाला दिसते. येथे लक्ष्य कागदाचे असून ते दोरीने पुढे-मागे ओढावे लागते. चांगली रायफल एकच आहे आणि ती सगळ्या मुलांत फिरते, त्यामुळे पाळी आली की गालाची पट्टी आणि खांद्याची प्लेट पुन्हा आपल्या मापाला लावण्यातच सुरुवातीचा वेळ जातो. विभागीय स्पर्धेत तिने प्रथमच इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर नेम धरला. प्रत्येक फैरीनंतर ९.७, १०.२ असा दशांशातला आकडा समोरच्या पडद्यावर उमटू लागल्यावर तिचे मन त्या आकड्यांतच अडकले आणि एरवीपेक्षा तिचे गुण बरेच घसरले. तिचे सर सरळ माणूस आहेत. "माझ्याकडे होते ते देऊन झाले, आता पुढचे शिकवणारा शोधा," असे त्यांनीच आम्हाला सांगितले.

माझे यजमान नेमबाज स्वप्निल कुसाळे यांचे उदाहरण देतात. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा २००९ मध्ये क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, घरापासून दूर राहिला आणि २०२४ मध्ये पॅरिसहून ऑलिंपिकचे कांस्यपदक घेऊन आला, हे खरेच आहे. पण क्रीडा प्रबोधिनी ही राज्य सरकारची योजना आणि आमच्यापुढे आहे ते खासगी केंद्र, ज्याचे शुल्क भरायचे तर धाकट्याच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या ठेवीला हात लावावा लागेल. शिवाय स्वतःची रायफल हवी, अशी केंद्राची अट आहे. जर्मन बनावटीची नवी मॅच रायफल दोन लाखांच्या पुढे जाते, जॅकेट, पँट, बूट यांचा खर्च निराळाच. सासूबाईंची काळजी आणखी वेगळी, की घरात बंदूक आणायची तर पोलिसांचा परवाना कोण देणार? ४.५ मिमीच्या या एअर रायफलला परवाना लागत नाही, एवढे त्यांना पटवून झाले आहे.

दहावीच्या तोंडावर मुलीला असे पाठवणे योग्य आहे का, आणि केंद्र खरोखर चांगले आहे हे आमच्यासारख्या अनभिज्ञ पालकांनी कशावरून ओळखावे, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद

ताई, माझा मुलगा अशाच एका केंद्रात राहून आला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. निवासी की घरून, हा प्रश्न नंतरचा; आधी तिथे शिकवते कोण, ते पाहा. जाहिरातीत नामवंत नेमबाजाचे छायाचित्र असते आणि लेनवर, म्हणजे नेम धरण्याच्या जागी, मुलांच्या मागे उभा असतो तो एखादा नवखा सहायक. एक पूर्ण दिवस तिथे जाऊन बसा. एका प्रशिक्षकामागे किती मुले आहेत आणि तो फैरीनंतर पडद्याकडे पाहतो की मुलांच्या पायांकडे, हे रायफलमधले काही कळत नसले तरी तुम्हाला दिसेल.

लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा असतो. ७५ मिनिटांत ६० फैरी, प्रत्येकी जास्तीत जास्त १०.९, म्हणजे एकूण ६५४ गुण. वरच्या पातळीवर सगळी चुरस दशांशांची असते आणि ती उभे राहण्यातल्या स्थैर्यावर ठरते. हे स्थैर्य छर्रे उडवून जेवढे येते, त्याहून अधिक रिकामी रायफल धरून, ड्राय फायर करून, म्हणजे छर्रा न भरता चाप ओढून येते. म्हणून ड्राय फायरला आणि पाठीच्या व्यायामाला तिथे रोज किती वेळ देतात, ते जरूर विचारा. उभ्या स्थितीत कंबर पुढे आणि पाठ मागे झुकलेली राहते. वाढत्या वयात दुर्लक्ष झाले, तर पाठदुखी मागे लागते. आमच्या मुलाला ती लागली.

रायफल लगेच घेऊ नका, सुरुवातीला भाड्याची चालेल का, हे लेखी विचारून घ्या. जुनी घेणार असाल तर हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. त्याची वैधता फार तर दहा वर्षांची असते, आणि मुदत टळल्यावर तो बदलावा लागेल, हे विकणारा आपणहून सांगत नाही. जॅकेटही तिची उंची वाढते आहे तोवर सर्वांत महागडे शिवून घेऊ नये.

प्रतिसाद

माझे मत थोडे वेगळे आहे. दहावी होऊ द्या. या खेळात वय लवकर आडवे येत नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेत्या झाल्या तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. कोल्हापूर तुम्हाला पुण्यापेक्षा जवळ आहे, सुट्टीच्या दिवशी तिथे मार्गदर्शन मिळते का, हे आधी पाहावे.

धागाकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. केंद्राला भाड्याच्या रायफलबद्दल पत्र लिहिले आहे आणि पुढच्या आठवड्यात मुलीसह तिथे दिवसभर बसण्याची परवानगी मागितली आहे. परवानगी नाकारली, तर तेच उत्तर समजू. कोल्हापूरचा पर्याय आम्ही विचारातच घेतला नव्हता. सांगलीकडून शनिवार-रविवारी कोल्हापूरला सरावासाठी मुलांना नेणारे कोणी पालक येथे असतील, तर रेंजवर इलेक्ट्रॉनिक लेन बाहेरच्या मुलांना मिळते का आणि प्रशिक्षक स्वतः किती वेळ देतात, एवढे कृपया कळवावे.