कासव पाल्याला तोंड लावत नाही, डोळेही सुजलेत. खायला काय देऊ?

नमस्कार. आम्ही ठाण्याला नौपाड्यात राहतो. लेकाच्या हट्टापायी तीन वर्षांपूर्वी डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं इवलंसं कासव आणलं. "एवढंच राहतं" म्हणाला होता दुकानदार! बंडू आता तळहातात मावत नाही.

खाणं म्हणजे डबीतली सुकी करंदी. ऐन श्रावणात घरात सुकटीचा वास, त्यावरून सासूबाईंची कुरकुर (आणि त्याच गुपचूप पोळीचे तुकडे टाकतात). पंधरा दिवस पालक, कोबी देऊन बघतेय. पान सोडलं की येतो, नाक लावतो, पंज्याने बाजूला सारतो आणि डबीकडे मान वर करून बसतो. चार दिवसांपासून पापण्या फुगल्यात, करंदीवर झडप घालतो तीही भलतीकडेच. टाकी बंद खिडकीशी आहे, ऊन भरपूर येतं. आमचे डॉक्टर फक्त कुत्र्या-मांजरांचे. काय करू?

प्रतिसाद १
हा स्लायडर जातीचा. आधी कासवं बघणारा डॉक्टर गाठा, डोळे मिटले की हे खात नाहीत. नुसत्या करंदीवर वाढलेल्यांना 'अ' जीवनसत्त्व कमी पडून असं होतं, घाण पाण्यानेही होतं. जीवनसत्त्वाचे थेंब मनाने घालू नका, जास्त झालं तर वाईट.
लहानपणी यांना मांसाहार जास्त लागतो, मोठेपणी निम्म्याहून अधिक पाला हवा. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. कोबीत विशेष काही नाही. जास्वंदीची पानं, लाल भोपळा, गाजराचा कीस द्या. कासवांचे तयार दाणे, सगळे मिळून त्याच्या डोक्याएवढेच, एक दिवसाआड. अधूनमधून गांडूळ. पोळी बंद! खाणं पाण्यातच द्या, त्याशिवाय त्याला गिळता येत नाही. कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानातून समुद्रफेन (माकुळाचं हाड) आणून टाकीत सोडा, कुरतडत बसेल.
आणि काचेतून येणारं ऊन कामाचं नाही, त्यातले हवे ते किरण काच अडवते. खिडकी उघडा, बसायला कोरडा दगड ठेवा, सावलीही ठेवा.

प्रतिसाद २
एवढा व्याप कशाला, मासुंदा तलावात सोडून द्या की.

प्रतिसाद १
मुळीच नको. हे अमेरिकेतलं कासव, इथल्या कासवांच्या तोंडचा घास पळवतं.

धागाकर्ती
सोडणार नाही हो, लेक मलाच घराबाहेर काढेल. मुलुंडला डॉक्टर मिळाले, उद्या सकाळची वेळ आहे. आज भोपळ्याचा कीस करंदीच्या पाण्यात बुडवून अगदी नाकासमोर धरला. एक घास घेतला, थुंकला. मग तोच परत घेतला.