धागा: तुमच्या घरी पुण्याचा रेडिओ किती वाजता लागायचा?

शनिवारपेठी: आमच्या घरात रेडिओ हेच घड्याळ होतं. ७.१०च्या प्रादेशिक बातम्या लागल्या आणि आंघोळ झालेली नसली, की शाळेला उशीर ठरलेलाच. सुधा नरवणेंचा आवाज आला की वडील तोंडाला साबण तसाच ठेवून ऐकत उभे राहायचे. आता एफएम कधीही लावा, सकाळ आहे की दुपार याचा पत्ता लागत नाही. तुमच्याकडे काय लागायचं, कधी सुटलं? नुसतं 'गेले ते दिवस' नको, तपशील लिहा.

मावशी_कोथरूड: आईची आठवण लिहिते. पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला, आणि १९५५ च्या रामनवमीपासून गीतरामायण. वाड्यात रेडिओ एकाच बिऱ्हाडात. शुक्रवारी सकाळी सगळ्या बायका पोळ्या उरकून तिथे जमायच्या, रेडिओपुढे उदबत्ती लागायची. केंद्रावरच्या सीताकांत लाडांची कल्पना, गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल. वर्षभर चाललं, ५६ गाणी झाली. आई म्हणते, कथा सगळ्यांना पाठ, तरी पुढच्या शुक्रवारी काय येणार याची चर्चा आठवडाभर नळावर चालायची.

जुना_ट्रान्झिस्टर: ७९२ किलोहर्ट्झ, पुणे केंद्र लागायचं तो आकडा! आमचा सेट मीडियम वेव्हचा. शेजारणीने मिक्सर लावला की बातम्यांची खरखर व्हायची. स्टेशन लागेना म्हणून सेट फिरवत फिरवत खिडकीत आडवा ठेवायचो. मीडियम वेव्हच्या सेटला दिशा कळते, त्यातल्या अँटेनाच्या फेराइटच्या कांडीमुळे. रात्री तर लांबची केंद्रं मधेच घुसायची, भाषासुद्धा कळायची नाही. स्टेशन दाखवणाऱ्या काट्याचा दोरा तुटला की तो पुन्हा ओवणं हे खरं कौशल्य. स्प्रिंगला गाठ मारायची, कप्पीवरून दोन वेढे, आणि तेवढ्यात दोरा सटकायचा.

चिंचवडचा: एक दुरुस्ती. 'एफएमवाल्यांनी जाहिराती आणल्या' असं सर्रास म्हणतात. विविध भारतीवर जाहिराती १ नोव्हेंबर १९६७ ला सुरू झाल्या, मुंबई, पुणे आणि नागपूर इथून. आमच्या पिढीला जिंगल आधी पाठ, पाढे नंतर.

हिंजवडी_बस: मी दुसऱ्या बाजूचा. २००२ साली एफएमवर रेडिओ मिरची आलं तेव्हा कॉलेजात होतो. कुणीतरी आपल्यासारखं भराभर बोलतंय, फोन लावला तर आपला आवाज लागतोय, हे भारीच होतं. पुढे रेडिओ सिटी, बिग वगैरे आले आणि दोनेक वर्षांत सगळ्यांवर तीच पाच गाणी. खासगी स्टेशनांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, म्हणून मग ट्रॅफिक. पण विद्यापीठ चौकात अडकलेल्या माणसाला विद्यापीठ चौक तुंबलाय हे सांगून काय उपयोग?

रागिणी_पुणे: आणि मराठी गाणं? एका स्टेशनला फोन करून मराठी फर्माईश केली, तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, 'आपल्या फॉरमॅटमध्ये नाही बसत.' पुण्यात! मग काय, विविध भारती १०१ वरच राहिले.

चिंचवडचा: 'फॉरमॅट' म्हणजे जाहिरातदार कोणाला ऐकवू पाहतोय ते. त्या मुलीचा काय दोष.

विद्यार्थी_गणेशखिंड: विद्यापीठाच्या विद्यावाणीला, १०७.४ वर, कार्यक्रम केलाय. वहीवर लिहिलेलं वाचायला बसलो तर प्रत्येक पान उलटल्याचा आवाज रेकॉर्ड झाला. मग पानं सुटी करून टेबलावर पसरायला शिकलो. श्रोते किती होते देव जाणे, काकू मात्र न चुकता ऐकायची.

शनिवारपेठी: २०२३ च्या जूनमध्ये आकाशवाणी पुण्याचा वृत्तविभागच बंद करायचं ठरलं होतं, आठवतंय ना? ओरड झाली, मग स्थगिती मिळाली. ओरडणाऱ्यांत रोज ऐकणारे किती, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता.

मावशी_कोथरूड: आम्ही ऐकतो हो! आता मोबाइलवर, आकाशवाणीच्या न्यूजऑनएअर ॲपवर.

जुना_ट्रान्झिस्टर: ॲप मागे पडतं, मावशी. दोन्ही शेजारी लावून बघा, ट्रान्झिस्टरवर वाक्य संपतं तेव्हा मोबाइलवर सुरू होतं. घड्याळ त्यावर लावू नका.