मदत हवी आहे : आजीच्या जुन्या मिरजेच्या तंबोऱ्याच्या भोपळ्याला तडा गेलाय

नमस्कार. तंबोऱ्याच्या कामातलं कळणाऱ्यांनी कृपया वाचा, थोडं लांबलंय.

तंबोरा आजीचा, तिला तिच्या वडिलांकडून मिळालेला. विष्णु दिगंबर पलुस्करांचा आश्रम नाशिकला पंचवटीत होता तेव्हा पणजोबा तिथे भजनाला जायचे आणि त्याच ओढीने त्यांनी मिरजेहून हा तंबोरा आणवला, असं ती सांगते. २०१९च्या ऑगस्टात गोदावरीच्या पुरात नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला तेव्हा सराफ बाजाराजवळच्या आमच्या वाड्यात पाणी शिरलं. तंबोरा माडीवर होता, भिजला नाही. पण भिंतींची ओल पुढचे दोन पावसाळे हटली नाही. आता वाडा सोडून गंगापूर रोडला आलोय. परवा गवसणी काढली तर हा तडा.

दांडी आणि भोपळा जिथे जुळतात त्या गळ्यापासून पाठीवर वीतभर खाली आलाय. नख आत जातं. टिचकी मारली तर त्या बाजूला भद्द वाजतं, दुसऱ्या बाजूला अजून छान घुमतं. तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी, सपाट आहे, कुठे खचलेली नाही. खुंट्या फिरतात, फक्त पंचमाच्या तारेची सरकते.

इथल्या एका दुरुस्तीवाल्यांना दाखवला. ते म्हणाले, भोपळा नवीन टाकू, पांढऱ्या गोंदाने पक्का करू, वरून चकचकीत पॉलिश मारू, ओळखू येणार नाही. मला तेच नकोय. जुने सांधे सरसाचे, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या डिंकाचे असतात. ऊब आणि ओल दिली की सरस सुटतो, म्हणून पुढचा कारागीर सांधा न तोडता उघडू शकतो. पांढरा गोंद एकदा लाकडात मुरला की ती सोय संपली. आणि भोपळा म्हणजे डबा नव्हे, एक काढला दुसरा लावला असं होत नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातून जाड सालीचे नवे भोपळे मिळतीलही, पण गळ्यावरची कोरीव पानं याच भोपळ्याच्या गोलाईवर बेतून बसवली आहेत. दुसऱ्यावर ती उचललेली दिसणार. दांडीच्या कडेला, जिथे आजीचा हात साठ वर्षं टेकला, तिथला चपडा (लाखेचं जुनं पॉलिश) जाऊन लाकूड गुळगुळीत झालंय. नव्या पॉलिशखाली ते झाकलेलं मला बघवणार नाही.

आता घोडीबद्दल, म्हणजे तबलीवरच्या ज्या पट्टीवर तारा टेकतात तिच्याबद्दल. घरात सगळे तिला हस्तिदंती म्हणतात. मी भिंग लावून कडा पाहिली. हस्तिदंताच्या आडव्या कापात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसते. इथे ती नाही, सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके आहेत. म्हणजे हाड असावं. बरोबर ना? हस्तिदंत निघाला तर १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे त्याची खरेदी-विक्री करता येत नाही, म्हणून आधीच खात्री करायची आहे. तबलीच्या कडेची पांढरी पट्टी बोटाने जोरात घासली की कापराचा वास येतो, तेव्हा ती सेल्युलॉइडची. ती मुळातलीच असेल की मागाहून बसवलेली? मिरजेत हत्यारांना धार लावणारे शिकलगार वाद्यांकडे वळले ते एकोणिसाव्या शतकात, त्यामुळे नुसत्या 'मिरजेचा' म्हणण्यावरून वय काढता येत नाही.

जवारीचीही काळजी आहे, म्हणजे तारा झणझणत घुमाव्यात म्हणून घोडीच्या माथ्याला देतात त्या उताराची. तारांनी घोडीवर चार चर पाडलेत, खर्जाच्या (सगळ्यात खालच्या सुराच्या) तारेचा सगळ्यात खोल. जवारी काढायची म्हणजे कानशीने घासणं आलं आणि घोडी आधीच बसकी झालीय. अजून एक जवारी तिच्यात निघेल का? की ही जपून ठेवून नवी हाडाची करून घ्यावी? आजी ब्याऐंशीची आहे. तिला तो दिसण्यापेक्षा ऐकायचा आहे. रोज विचारते, "लागला का गं?"

भर : उत्तरांबद्दल मनापासून आभार. तारा पूर्ण उतरवा असं तिघांनी सांगितलं, तशा उतरवल्या. ताण गेल्यावर तडा थोडा मिटलेला दिसतोय, म्हणजे दांडीच्या ओढीनेच तो उघडत होता. तारा काढण्याआधी घोडीच्या चारही कोपऱ्यांशी पेन्सिलीने बारीक खुणा केल्या. घोडी कागदात गुंडाळून वेगळी ठेवली आहे. दुरुस्ती मिरजेलाच करायची हे ठरलं. २०२४मध्ये तिथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आजीला वाचून दाखवली होती, तेव्हापासून तिचंही तेच म्हणणं आहे.

राहिलेला प्रश्न प्रवासाचा. तंबोरा गाडीत मागच्या सीटवर आडवा न्यायचा की भोपळा खाली ठेवून उभा? आडवा नेला तर तड्याची बाजू वर ठेवायची की गादीवर टेकवायची? रविवारी पहाटे निघतोय, शनिवारपर्यंत कुणी सांगितलं तर फार बरं होईल.