स्वमग्न मुलांचा संवाद बंद खोलीत मोजता येतो का?

कृष्णाकाठ (सांगली)
'आयएसएए'चा (स्वमग्नता म्हणजे ऑटिझम मोजायच्या भारतीय मोजपट्टीचा) आकडा हातात पडला की मूल्यमापन झालं, असं आपल्याकडे धरतात. 40 मुद्दे, प्रत्येकी 1 ते 5 गुण. 70 ते 106 सौम्य, 107 ते 153 मध्यम, त्यापुढे तीव्र. दिव्यांगत्वाच्या दाखल्याला ते हवंच. पण मूल कुणाशी, कशासाठी, किती वेळा बोलतं हे त्या बेरजेत हरवतं. शाळेची मधली सुट्टी पाहिल्याशिवाय संवादाचा अहवाल लिहूच नये.

वाचाताई (मिरज)
अजिबात पटत नाही. आज मित्र आला, उद्या आला नाही. मग बदल मुलात झाला की परिस्थितीत? खोलीत प्रसंग मुद्दाम घडवता येतो. पारदर्शक बरणीत भडंग, झाकण घट्ट. बरणी समोर ठेवून मनात 10 आकडे मोजेपर्यंत गप्प बसायचं. मूल आपला हात ओढून झाकणावर नेतं, बरणीकडे बघून मग आपल्याकडे बघतं, की "भडंग पाहिजे का?" म्हणतं? तिन्ही वेगवेगळं नोंदवायचं. बिघडतं ते इथंच: तिसऱ्या आकड्याला आई "दे म्हण, दे म्हण" करते आणि प्रसंग वाया जातो.

कृष्णाकाठ
ताई, बरणी मान्य. पण "पाहिजे का?" म्हणजे पोपटपंची, असं लिहून मोकळे होणारे अहवाल आहेतच की! ते मागणंच आहे. आपण विचारतो तेच वाक्य मूल वापरतं. शिवाय बरणीतून फक्त मागणं कळतं. "ते बघ विमान" असं नुसतं दाखवायला बोलणं बाहेरच दिसतं. मधल्या सुट्टीत तीन दिवस, रोज 10 मिनिटं नोंद, दोन रकाने: स्वतःहून आणि उत्तरादाखल.

अजिंक्यतारा (सातारा)
सर, नववी-दहावीच्या मुलांचं काय? वही घेऊन मैदानात उभे राहिलात तर त्या मुलाला सगळ्यांसमोर उघडं पाडाल. ही मुलं समोरासमोरच्या प्रश्नोत्तरांत पाठ केलेल्या उत्तरांवर निभावून नेतात, गटात अडकतात. त्यांनाच विचारा, लिहून द्यायची मुभा ठेवून. आणि तिसरा रकाना हवा: समोरच्या पोरानं काय केलं? स्वमग्नतेचे ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये मांडलंय की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. मुलानं पाच वेळा हाक मारून कुणी वळलं नाही, तर ती उणीव त्या मुलाच्या नावावर का लिहायची?

वाचाताई
तिसरा रकाना घेते. सुट्टीच्या नोंदीवर मात्र अट: दोघांनी तीच 10 मिनिटं स्वतंत्र नोंदवायची. आकडे जुळले नाहीत तर ती नोंद अहवालात नको. आणि त्याआधी श्रवणचाचणी झालेली हवी.