निकालाची वाट पाहू नका, आजच अर्ज करा

पोलिसांनी गाडी जप्त केली की 'खटला संपेपर्यंत गाडी पोलीस ठाण्यातच राहणार' असं सांगितलं जातं. कृपया यावर विसंबून राहू नका.

आधी गाडी कशासाठी अडकली ते पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०७ खाली, म्हणजे नोंदणी किंवा परमिट नाही म्हणून अडकवली असेल, तर कागदपत्रं दाखवून संबंधित अधिकाऱ्याकडेच सुटकेचा अर्ज करता येतो.

अपघात किंवा गुन्ह्यात मुद्देमाल म्हणून जप्त झाली असेल तर मात्र दंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. त्यासाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेची (सीआरपीसी) कलम ४५१ आणि ४५७ होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची ४९७ आणि ५०३ आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितलंय की वाहनं ठाण्याच्या आवारात सडत ठेवण्यात अर्थ नाही. पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र घ्या आणि मालकाला द्या. वकिलांना अर्जात हा निकाल नमूद करायला सांगा. कोर्ट पोलिसांचं म्हणणं मागवतं, मग सुपूर्दनाम्यावर, म्हणजे अटी पाळण्याची लेखी हमी देऊन, गाडी मिळते. ती विकायची नाही, रंगरूप बदलायचं नाही, बोलावल्यावर हजर करायची, अशा अटी असतात.

खरी अडचण येते ती आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) अजून जुन्याच मालकाचं नाव असेल तेव्हा. अशा वेळी त्यालाच अर्ज करायला लावणं सोपं पडतं.

आणि ताबा घेताना बॅटरी, स्टेपनी तिथेच तपासा, काही गायब असेल तर सही करण्याआधी लिहून घ्या.