रस्त्यावरच्या गाडीला स्मॉल-ब्लॉकच

"घनइंच (म्हणजे इंजिनची जास्त क्षमता) हवेत तर बिग-ब्लॉकच घ्या" हे मत शेव्हरोलेच्या बाबतीत तरी मला पटत नाही. या अमेरिकन कंपनीच्या व्ही८ (आठ सिलिंडरांच्या) इंजिनांची दोन कुटुंबं: लहान बांध्याचा स्मॉल-ब्लॉक आणि मोठ्या, जड बांध्याचा बिग-ब्लॉक. १९७० मध्ये आलेला ४०० घनइंचांचा स्मॉल-ब्लॉक हा १९६५ च्या ३९६ बिग-ब्लॉकपेक्षा मोठाच होता! खरा फरक शेजारच्या दोन सिलिंडरांच्या केंद्रांमधल्या अंतराचा: स्मॉल-ब्लॉकमध्ये ४.४ इंच, बिग-ब्लॉकमध्ये ४.८४. त्या जागेमुळे मोठे बोअर (सिलिंडरचे व्यास) आणि मोठे व्हॉल्व्ह बसतात. १९७० च्या शेव्हेल या गाडीतल्या ४५४ घनइंचांच्या एलएस६ बिग-ब्लॉकला कंपनीने ४५० हॉर्सपॉवर आणि ५०० पौंड-फूट टॉर्क असे आकडे दिले होते. सरळ रस्त्यावर त्याला तोड नाही, हे मान्यच.

पण ते सगळं जादा लोखंड पुढच्या चाकांवर बसतं. वळणावर गाडीचं नाक वळायला तयार होत नाही, स्टिअरिंग जड लागतं आणि सिग्नलला तापमानाचा काटा चढत जातो. त्यापेक्षा ३५० घनइंचांच्या स्मॉल-ब्लॉकचा बोअर ०.०३० इंचाने वाढवून त्यात ४०० चा ३.७५ इंच स्ट्रोकचा (पिस्टनच्या वर-खाली जाण्याच्या अंतराचा) क्रँकशाफ्ट बसवा (त्याचे मेन जर्नल, म्हणजे ब्लॉकमधल्या बेअरिंगांत फिरणारे भाग, मात्र घासून घ्यावे लागतात), वर चांगली अ‍ॅल्युमिनियमची सिलिंडर हेड्स टाका. ३८३ घनइंच तयार! रोज चालवायच्या गाडीला खालच्या आरपीएमवरचा तो टॉर्क भरपूर होतो, आणि सुटे भाग कुठेही मिळतात. बिग-ब्लॉक मी फक्त ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ शर्यतीच्या पट्ट्यावर) जाणाऱ्या गाडीसाठीच सुचवेन.