विमान डोक्यावरून गेलं की पिल्लं कोपऱ्यात चेंगरतात, काय करू?

प्रश्न (निफाड तालुका)
ब्रॉयलरचं ५,००० पक्ष्यांचं शेड आहे, शेजारी दोन एकर द्राक्षबाग. मंगळवारी दुपारी एक लढाऊ विमान इतकं खालून गेलं की पत्रे थरथरले. पिल्लं अकरा दिवसांची. सगळी एका कोपऱ्यात धावली, एकावर एक चढली. मी आणि बायकोनं हातांनी उपसली, तरी खालची ६३ गुदमरली. आवाज आला की आई अजूनही अंगणात येऊन वर बघत राहते. जून २०१८ मध्ये वावी ठुशीला आणि ४ जून २०२४ ला शिरसगावला सुखोई शेतात कोसळलं होतं, ते तिच्या मनातून जात नाही. विमानं उडू नयेत असं माझं म्हणणं नाही, सराव हवाच. पण पिल्लं कशी वाचवायची?

उत्तर (सिन्नर, पोल्ट्री)
आधी कोपरे बुजवा. पत्रा वाकवून चारही कोपऱ्यांत गोलाई द्या. कोपऱ्यात पुढचं पिल्लू अडतं आणि मागची त्याच्यावर चढतात, गोलाईत ती पुढं सरकत राहतात. जाळी लावून शेडचे चार-पाच भाग करा. रात्री मंद दिवा ठेवा, अंधारात दचकली तर जास्त चेंगरतात. आणि मेलेली लगेच पुरू नका! फोटो काढा, वेळ लिहा, सरकारी पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्या. गुदमरून मेली हे कागदावर नसेल तर भरपाई मागणार कशाच्या जोरावर?

उत्तर (निवृत्त, विमान देखभाल)
अर्जात आवाज कसा होता तेही लिहा. खालून वेगात येणारं विमान आधी फारसं ऐकू येत नाही, डोक्यावर आल्यावर एकदम गरजतं. विमान दिसलंच नाही आणि स्फोटासारखा दणका बसून खिडक्या हादरल्या, तर ते ध्वनीपेक्षा वेगानं, बहुधा खूप उंचावरून गेलेलं असतं. दोन्ही गोष्टी वेगळ्या, म्हणून नेमकं लिहा. ब्रिटनमध्ये लढाऊ विमानांना सरावासाठी साधारण २५० फुटांपर्यंत खाली येऊ देतात, पण जनावरं दगावली तर शेतकरी संरक्षण खात्याकडे दावा करतो. आपल्याकडेही मागायला लाजू नका.

प्रश्नकर्ता
पत्रे लावले, जाळ्याही बांधल्या. काल पुन्हा एक गेलं. पिल्लं भिंतीकडेनं गोल धावली, मग तुसावर बसली. मरतूक शून्य. ६३ पिल्लांचा अर्ज उद्या देतो.